सांडशी हे नाव "सांडण्या"वरून आलेलं नाही, मग कशावरून आलं?

प्रश्न थोडक्यात असा होता: सांडशीला सांडशी का म्हणतात? "गरम दूध, आमटी सांडू नये म्हणून जी वापरायची ती सांडशी" असं घरात मोठी माणसं सांगतात ते खरं का? आणि त्याच वस्तूला कुणी पक्कड म्हणतं, कुणी चिमटा, तर त्यातलं बरोबर नाव कुठलं? मी शब्दकोशाच्या आणि प्राकृत भाषांच्या कामात बरीच वर्षं आहे आणि हा शब्द माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

आधी उत्तर सांगून टाकतो. सांडण्याशी काही संबंध नाही. सांडशी आली संस्कृत "संदंश" वरून, आणि संदंश म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदम चावणारा. सम् म्हणजे एकत्र, दंश म्हणजे चावा. म्हणजे नाव कशावरून पडलं तर ती भांडं कसं पकडते त्यावरून, आत काय आहे आणि ते सांडेल की नाही याच्याशी नावाला काही देणंघेणं नाही.

आता "सांडू नये म्हणून सांडशी" हे इतकं पटतं का, तर ऐकायला जुळतं आणि अर्थही बसतो. अशा जुळवाजुळवीला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि ती करणारे लोक बावळट असतात असं अजिबात नाही, उलट भाषेचा कान चांगला असलेली माणसंच हे करतात. पण इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे हत्याराला नाव देताना आपण ते काय करतं यावरून देतो, काय होऊ देत नाही यावरून नाही. चाळणी चाळते, किसणी किसते, गाळणी गाळते, लाटण्याने लाटतात, उलथण्याने उलथतात. या हिशोबाने सांडशी ही सांडणारी वस्तू ठरेल! दुसरी अडचण जास्त पक्की आहे. वरची नावं परत एकदा वाचा, सगळ्यांच्या शेवटी णी किंवा णे आहे. मराठीत क्रियापदापासून हत्याराचं नाव करायचं तर ते असंच होतं, "शी" लावून होत नाही. सांडण्यावरून नाव केलं असतं तर ते "सांडणी" झालं असतं, आणि सांडणी मराठीत आहेच, ती म्हणजे वेगाने पळणारी उंटीण, जिच्यावर बसून सांडणीस्वार टपाल न्यायचे. स्वयंपाकघराशी तिचा काही संबंध नाही.

शिवाय हा शब्द फक्त आपला असता तर गोष्ट वेगळी होती. हिंदीत सँड़सी आहे, गुजरातीत साणसी आहे, बंगालीत साँड़ाशि आहे, आणि वस्तू सगळीकडे तीच. पण बंगाल्यांकडे दूध सांडत नाही, म्हणजे सांडतं हो, पण त्यासाठी ते "सांडणे" हा शब्द वापरत नाहीत. मग त्यांनी साँड़ाशि कुठून आणली? तेव्हा या सगळ्यांची आजी एकच असणार आणि ती मराठीच्या आधीची असणार, हे तिथेच ठरतं. खुद्द मराठीतही "सांडणे" चा जुना अर्थ टाकून देणे, सोडून देणे असा आहे, ज्ञानेश्वरीत तो याच अर्थाने येतो, सांडलवंड हा अर्थ नंतर पुढे आला.

आता घरातली सांडशी हातात घ्या आणि एकदा नीट बघा. दोन दांडे, मधे खिळा, खिळ्याच्या पलीकडे आखूड चपटं तोंड. पातेलं उतरवताना तोंडाचा एक ओठ पातेल्याच्या काठाच्या आतल्या बाजूला जातो, दुसरा बाहेरून येतो, आणि आपण मूठ आवळली की दोन्ही ओठ काठावर मिटतात. काही सांडशांच्या तोंडात आडव्या रेघा पाडलेल्या असतात, घसरू नये म्हणून, त्या चक्क दातांसारख्या दिसतात. मागचे दांडे लांब आणि तोंड आखूड, म्हणून हातातला थोडा जोर तोंडाशी कितीतरी वाढून पोचतो, नेमकं जबड्यात मागच्या दाढेखाली सुपारी ठेवली की जसा जोर लागतो तसं. ज्याने कुणी पहिल्यांदा याला "संदंश" म्हटलं त्याने वस्तू बघूनच म्हटलंय. फिटर लोकही पान्याच्या तोंडाला जॉ म्हणतात, म्हणजे जबडाच.

मग संदंश चं सांडशी झालं कसं? इथे जरा वेळ काढतो कारण खरी मजा इथेच आहे, आणि यातली एकही पायरी मनाने घातलेली नाही, प्रत्येकीला इतर शब्दांचा पुरावा आहे.

पहिली पायरी द चा ड. दंश या धातूतला द प्राकृतात ड होतो, हे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नियम म्हणून नोंदवलंय, आणि आपण अजून "साप डसला" म्हणतो तो हाच ड. दुसरी पायरी शेवटच्या अनुस्वाराची. अनुस्वाराच्या पुढे श, ष, स आला की प्राकृतात बऱ्याचदा अनुस्वार गळतो आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब होतो. विंशति चं वीस, त्रिंशत् चं तीस, दंष्ट्रा ची दाढ. तसंच "दंश" चं झालं "डास". म्हणजे संदंश चं पाली-प्राकृतातलं रूप काय झालं? संडास. हो, संडासच, हसू नका. हल्लीच्या संडासाशी याचं नातं लावायचा मोह होईल पण आवरा, अर्थ कुठेच जुळत नाही, नुसतं दिसायला सारखं आहे, आणि नुसतं दिसण्यावर जायचं तर मग "सांडणे" वाली गोष्टही खरी मानावी लागेल.

तिसरी पायरी मराठीत येताना. पुढे जोडाक्षर किंवा अनुनासिक असलं की मराठी आधीचा अ लांब करून टाकते: दंड चा दांडा, मंडप चा मांडव, खंध चा खांदा. म्हणून संड चं सांड. आधीचं अक्षर लांब झाल्यावर पुढचा "डा" मराठीत आखूड झाला, सांडास चा सांडस झाला. बंगालीने मात्र तो "आ" जसाच्या तसा ठेवला, साँड़ाशि मधला दुसरा आ तोच. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक स्वर बंगालच्या स्वयंपाकघरात अजून शाबूत आहे, मला हे दर वेळी भारी वाटतं.

चौथी पायरी स चा श. मराठीत ई च्या शेजारी स आला की तो श कडे झुकतो. हिंदी मौसी, आपली मावशी. हिंदी सीखना, आपलं शिकणे. हिंदी अस्सी, आपले ऐंशी. घरच्या घरी बघायचं तर म्हैस आणि म्हशी. तसंच सांडस ला ई लागली आणि झाली सांडशी. (सीता, दासी असे जे शब्द संस्कृतातून थेट घेतले ते या नियमात येत नाहीत, म्हणून ते उदाहरण घेऊन कुणी भांडायला येऊ नये.)

ही शेवटची ई पण फुकट लागलेली नाही. सुरा आणि सुरी, विळा आणि विळी, खुंटा आणि खुंटी, लोटा आणि लोटी, पळा आणि पळी. मोठी वस्तू पुल्लिंगी, त्याच घडणीची लहान वस्तू स्त्रीलिंगी. तसा सांडस हा मोठा, लोहाराचा, तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा, आणि सांडशी ही लहान. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) सांडस आणि सांडशी अशी दोन्ही नावं आहेत. आज सांडस हा शब्द शहरात कुणाच्या तोंडी नाही कारण लोहाराची भट्टीच डोळ्यांसमोर नाही, राहिली ती सांडशी, आणि सांडस विसरला म्हणूनच लोकांना सांडशीसाठी "सांडणे" शोधावं लागलं. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा अर्थ लागत नाही, शब्दांच्या बाबतीत हे फार वेळा होतं.

भाऊबंद कोण कोण आहेत ते पण सांगतो. डास. म्हणजे रात्री कानाशी गुणगुणणारा डास आणि ओट्यावरची सांडशी हे सख्खे नातेवाईक, दोघांच्यात तोच "दंश" आहे. दाढ त्याच घरातली, डसणे त्याच घरातलं, आणि सर्पदंश तर सरळ संस्कृतच. पण दात नाही! दात आला "दंत" वरून आणि दंत चं मूळ चावण्यात नाही, खाण्याच्या "अद्" धातूत आहे असं मानतात. दाढ आणि दात तोंडात शेजारी शेजारी बसतात पण शब्दांचं खानदान वेगळं.

आणि परदेशातला एक भाऊबंद आहे तो ऐकून बरेच जण आधी विश्वास ठेवत नाहीत. इंग्रजीत सांडशीला टाँग्ज म्हणतात ना, तो शब्दसुद्धा याच मुळाचा. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी या भाषा ज्या एका जुन्या भाषेपासून निघाल्या असं मानतात तिच्यात चावणे या अर्थाचा एक धातू होता, त्याचं इकडे दंश झालं आणि तिकडे टाँग. द च्या जागी ट कसा, तर इंग्रजीच्या घराण्यात तो नियमाने होतो: आपले दोन तिकडे टू, दश तिकडे टेन, दंत तिकडे टूथ. म्हणजे हे उधारउसनवारीचं प्रकरण नाही, त्यांनी आपल्याकडून घेतला नाही की आपण त्यांच्याकडून. दोन्हीकडच्या लोकांनी एकाच जुन्या धातूवरून आपापल्या हत्याराला नाव दिलं, "चावणारा".

आता हा संदंश जुन्या ग्रंथांत कुठे कुठे भेटतो ते बघितलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते की तो स्वयंपाकघरात जवळजवळ कुठेच नाही. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराविषयीचं एक सूक्त आहे, शालासूक्त, त्यात संदंश येतो तो घराचे वासे वगैरे एकमेकांना आवळून धरणाऱ्या बांधणीसाठी. पाली ग्रंथांत सोनाराचा दाखला येतो, तो भट्टी पेटवतो, संडासाने (म्हणजे सांडशीने, परत हसू नका) सोनं उचलतो आणि मुशीत टाकतो. भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधात नरकांची यादी आहे त्यात एका नरकाचं नावच संदंश, तिथे सोनंनाणं चोरणाऱ्याची कातडी यमाचे दूत तापलेल्या सांडशीने ओढतात. सोनं चोरणाऱ्याला सोनाराचंच हत्यार, शिक्षा ठरवणाऱ्याला हिशोब बरोबर कळत होता.

सगळ्यात तपशीलवार वर्णन मात्र सुश्रुतसंहितेत. सुश्रुताने शस्त्रक्रियेची 101 यंत्रं सांगितली आहेत, त्यांचे सहा गट, आणि त्यातला एक गट संदंश यंत्रांचा. त्यात दोनच यंत्रं, दोन्ही 16 अंगुळं लांब, एक सनिग्रह आणि एक अनिग्रह. निग्रह म्हणजे धरून, आवळून ठेवायची सोय. ती असलेला एक आणि नसलेला एक. वापर कशासाठी, तर कातडी, मांस, शीर, स्नायू यात घुसलेला काटा किंवा बाणाचं टोक वगैरे बाहेर काढायला. आता जरा तुमच्या ओट्याकडे बघा: मधे खिळा असलेली सांडशी आणि नुसती पट्टी दुमडून केलेला बिनखिळ्याचा चिमटा. वर्गवारी साधारण तीच आहे! नाच शिकणाऱ्यांना तर हा शब्द हातानेच माहीत असतो. भरतनाट्यमच्या क्लासमध्ये संदंश हस्त शिकवतात, त्यात पाचही बोटं टोकाशी जुळवायची आणि उघडायची, परत जुळवायची. नाट्यशास्त्रातही संदंश नावाचा हस्त आहे.

म्हणजे हत्यार मुळात लोहार, सोनार आणि वैद्याचं. ते चुलीपाशी आलं त्याला कारणही उघड आहे, आपली जुनी भांडी. पातेलं, टोप, तपेली, कशालाही कान नाही की दांडा नाही, नुसता बाहेर वळवलेला काठ. तांब्यापितळेचं भांडं कडेपर्यंत सारखं तापतं. कापडाच्या चिंधीने उतरवायचं नाहीतर सांडशीने, आणि तो वळवलेला काठ सांडशीच्या तोंडाला धरायला अगदी सोयीचा पडतो. आजही ज्या भांड्याला जाड काठ नाही ते सांडशीत नीट बसत नाही हे ज्याने हात भाजून घेतलाय त्याला सांगायला नको.

आता पक्कड. हा शब्द पकडण्याशी जोडलेला आहे यात शंका नाही, पण त्याच्याकडे बघून एक गोष्ट सांगता येते, ती म्हणजे तो मराठीच्या जुन्या घडणीतला नाही. कसं ओळखायचं? त्यातल्या जोडाक्षरावरून. प्राकृतात जिथे एकाच अक्षराचं द्वित्त होतं तिथे मराठीने एक अक्षर काढून टाकून आधीचा स्वर लांब केला: सत्त चं सात, हत्थ चा हात, अट्ठ चं आठ. या वाटेने आला असता तर पक्कड चा "पाकड" झाला असता. तसा झाला नाही, क्क तसाच राहिला, याचा अर्थ तो नंतर उत्तरेकडून आलाय, "पक्का" आला तसाच. (चक्क, धक्का असे जोर दाखवणारे शब्द सोडा, त्यांचं गणित निराळं.) मराठीचा स्वतःचा जुना शब्द "धरणे", पकडणे त्यामानाने नवं. वायरमन आणि सुतार ज्या हत्याराला पक्कड म्हणतात त्याची आणि सांडशीची घडण एकच, दोन दांडे, एक खिळा, एक तोंड, त्यामुळे बऱ्याच घरांत नाव तेच पडलं आणि आता गॅसपाशी पण पक्कडच म्हणतात. यात अशुद्ध वगैरे काही नाही. उत्तरेकडून आलेले शब्द काढून टाकायचे म्हटलं तर अर्धं स्वयंपाकघर मुकं होईल.

चिमटा मात्र खरं तर वेगळी वस्तू. चिमटा, चिमटी, चिमूट, चिमटणे हे सगळं दोन बोटांच्या टोकांनी धरण्याचं कुटुंब. पापड भाजायला, फुलका उलटायला, निखारा उचलायला चिमटा, त्याला खिळा नसतो, पट्टीचाच ताण असतो, सोडला की आपोआप उघडतो. सांडशी सोडली तर उघडत नाही, ती हाताने उघडावी लागते. भरलेलं पातेलं चिमट्याने उचलायला गेलात तर मात्र नक्की सांडेल. त्यामुळे सांडशीला चिमटा म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही पण एखाद्या घरात दोन्ही वस्तू असतील आणि दोन्हींना चिमटाच म्हणत असतील तर हाक मारून मागवताना पंचाईत होत असणार एवढं नक्की.

तर बरोबर नाव कुठलं? सांडशी सगळ्यात जुनं, पक्कड चालतं, आणि चिमटा त्याच्या खऱ्या वस्तूसाठी राखून ठेवला तर बरं. सासरी पक्कड आणि माहेरी सांडशी असेल तर दोन्ही बोला, दोन्ही शब्द मराठीच्या कोशात आहेत.

लिहिण्याबद्दलही विचारलं होतं. सांडशी असंच लिहा, सा वर अनुस्वार, ड पूर्ण. बोलताना आपण ड अर्धा करतो, सांड्‌शी, आणि काही घरांत तर ड गळून साणशी असंही ऐकू येतं, गुजराती साणसीच्या जवळ जाणारं, पण लिहिताना ड ठेवायचा कारण दंश मधला तोच तर शिल्लक आहे. जुन्या छापील मजकुरात सांडसी असंही दिसेल, ती छपाईची चूक समजू नका. अनेकवचन सांडश्या.